डाळिंबी जोडा

नजरमापे हे त्याचं आडनाव नव्हतं. गिऱ्हाइकांनी ठेवलेलं नाव होतं ते, आणि खरं सांगायचं तर आडनावापेक्षा त्याला तेच जास्त आवडायचं. माणूस दुकानाची पायरी चढून आत येईपर्यंत याने त्याच्या पावलाची लांबी, रुंदी, अंगठ्याजवळचं हाड, कुठली टाच जास्त झिजते, सगळं ताडलेलं असायचं. मोजायची फीत गळ्यात असे, पण ती शोभेला. एखादं चिवट गिऱ्हाईक म्हणे, "एकदा मोजून तर घ्या." मग हा उपकार केल्यासारखी फीत काढायचा, मोजायचा आणि आधीच लिहून ठेवलेला आकडा त्याच्यापुढे सरकवायचा. दोन्ही आकडे जुळले की त्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटायचं, त्याला नम्रता म्हणता आलं नसतं.

दुकान म्हणजे घराखालची एक लांबट खोली. पुढे बाक आणि आरसा, मागे कामाचं मेज, शिलाईचं मशीन, चामड्याच्या गुंडाळ्या आणि डोकं जड करणारा चिकटवायच्या सोल्युशनचा वास. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर फर्मे. फर्मा म्हणजे लाकडाचं पाऊल. त्याच्यावर चामडं ताणायचं, ठोकायचं, सुकू द्यायचं, मग आतलं लाकूड काढून घेतलं की बूट उरतो. प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाचा फर्मा त्याच्याकडे होता. दर दोन-तीन वर्षांनी तो त्या माणसाचं पाऊल नव्याने बघायचा आणि फर्म्यावर चामड्याचे पातळ तुकडे चिकटवून तो वाढवायचा. "पाय काय तुमची परवानगी घेऊन बदलतो का?" असं तो ऐकवायचा. "वय वाढतं तसं पाऊल पसरतं. जुन्या मापाचे बूट घालणारा माणूस स्वतःलाच फसवत असतो."

सगळ्यात वरच्या फळीवर, बरोबर मध्यभागी, त्याच्या बायकोचा फर्मा होता. लग्न झालं त्या वर्षी स्वतःच्या हाताने कोरलेला. त्याला चामड्याचा एकही तुकडा कधी चिकटला नाही. चौतीस वर्षं दर लग्नाच्या वाढदिवसाला त्याच फर्म्यावर तिच्यासाठी नवा जोडा व्हायचा, आणि हा हौसेने सांगायचा की आमच्या हिचं पाऊल अजून तसंच आहे, नव्या नवरीचं. जगातल्या सगळ्या पायांना लावलेला नियम हा शहाणा आपल्या घरात मात्र शिरू देत नव्हता.

त्या दिवशीचा कार्यक्रम ठरलेला. दुकान बंद करण्याआधी तो तिला खाली बोलवायचा. ती ओले हात पुसत यायची, बाकावर बसायची. तो गुडघे टेकून तिच्या पायात बूट चढवायचा, पट्टी लावायचा आणि मान वर करून विचारायचा, "बसला ना?" ती उठून आरशापर्यंत जायची, परत यायची आणि म्हणायची, "बसला." संपला कार्यक्रम. गिऱ्हाइकांना तो दहा प्रश्न विचारी, अंगठ्याने दाबून बघे, इथे लागतं का, तिथे लागतं का. बायकोला एकच प्रश्न, आणि उत्तर त्या प्रश्नातच कोंबलेलं.

सहा वर्षांपूर्वी मात्र नवल घडलं. त्या वर्षी त्याने डाळिंबी रंगाचं मऊ चामडं मिळवलं होतं आणि तीन आठवडे इतर कामं बाजूला सारून जोडा केला होता. ती आरशापर्यंत गेली, परत आली, थांबली. खाली पायांकडे बघत, न विचारता म्हणाली, "यंदाचा जोडा पायात आहे हेच कळत नाही हो."

इतक्या वर्षांच्या कामात त्याला एवढी दाद कुणी दिली नव्हती, आणि ती मिळाली तर कुणाकडून, जिच्या तोंडून 'बसला' यापलीकडे शब्द निघत नव्हता तिच्याकडून. पुढे महिनाभर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ते वाक्य ऐकवत राहिला. शेवटी लेक वैतागून म्हणाली, "बाबा, पाटीच लावा ना त्याची." लेक थट्टेने म्हणाली, याने खरंच लावली. दुकानाच्या नावाखाली, रंगाऱ्याकडून सुबक अक्षरांत: पायात आहे हे कळणारही नाही.

बायकोला साखर निघून तेव्हा चार वर्षं झाली होती. गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा, तपासणीचे कागद तारीखवार लावलेले. पायांकडे कुणी बघितलं नाही. ज्या घरात दिवसभर पायांशिवाय दुसरा विषय नाही, त्या घरात तिचे पाय बघायचे असतात हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. ते खातं नजरमापेचं, असं सगळे धरून चालले होते. तोही.

यंदा, नवा जोडा देऊन जेमतेम दोन महिने झाले होते. लेक सकाळी नोकरीवर जाण्याआधी फरशी पुसत होती. आई बाजारातून भाजी घेऊन आली, दाराशी बूट काढले आणि ओल्या फरशीवरून स्वयंपाकघरात गेली. तिच्या मागे उजव्या पावलागणिक एकेक लाल डाग उमटत गेला.

"आई, थांब. हे काय सांडतेयस?"

"टोमॅटो फुटला वाटतं पिशवीत," ती म्हणाली आणि पिशवी उघडून टोमॅटो तपासायला लागली. सगळे धड होते.

लेकीने तिला खुर्चीवर बसवून मोजा उतरवला. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला कातडं गेलेलं होतं आणि आत, जिथे लाल दिसायला हवं, तिथे पांढुरकं काहीतरी दिसत होतं. वास येत होता. आई त्याच्याकडे शेजारणीचा पाय बघावा तशी बघत होती. दुखतं का विचारलं तर म्हणाली, "नाही गं. मला तर पत्ताच नाही."

लेक बूट हातात घेऊन खाली गेली आणि तो वडलांच्या मेजावर ठेवला. आतलं अस्तर काळं पडलं होतं. त्याने बूट उलटासुलटा केला, आत हात घालून फिरवला आणि म्हणाला, "खिळा नाही, टाका उसवलेला नाही. बुटात काही दोष नाही. खडा गेला असेल. नाहीतर मोज्याची शिवण. मोजे कुठले आणता तुम्ही?"

"बाबा, आधी वर चला," लेक म्हणाली.

जखम हाडापर्यंत पोचली होती. तिसऱ्या दिवशी करंगळी काढावी लागली. सर्जन मोजकं बोलणारा माणूस होता. "या वेळी बोटावर भागलं," तो म्हणाला. "पुन्हा झालं तर पाऊल जाईल. डाव्या पायालाही नेमकी तीच जागा लाल आहे. औषधं मी देतो, पण आधी बूट बदला." नजरमापेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येताना तो लेकीला दोनदा म्हणाला की कापाकापी करणाऱ्याला चामड्यातलं काय कळतं. लेक खिडकीबाहेर बघत राहिली.

जखम भरत आल्यावर त्यांना हॉस्पिटलच्या तळमजल्यावर पाठवलं. तिथे एका खोलीत साखरेच्या पेशंटांसाठी पादत्राणं ठरवून देत. फळीवर नमुने मांडलेले होते: काळे, रुंद, तोंडाला फुगीर, चिकटपट्टीचे. "डबडी आहेत," नजरमापे बायकोच्या कानात म्हणाला. माप घेणारी बाई लेकीपेक्षाही लहान दिसत होती. याने सवयीने आधी तिचे पाय बघितले. तिचे स्वतःचे बूट कारखान्यातले होते, पण मापाला बरोबर होते, हे त्याला नाइलाजाने कबूल करावं लागलं.

"काकू, डोळे मिटा," ती म्हणाली. "पायाला काही लागलं की 'हो' म्हणा." तिच्या हातात नायलॉनचा ताठ दोरा होता. दोऱ्याचं टोक तिने तळव्याला टेकवलं, दोरा वाकेपर्यंत दाबलं, उचललं, दुसरीकडे टेकवलं. काकूंचं 'हो' काही येईना. बराच वेळ गेला तशी काकूंना वाटलं असावं की बिचारी एवढी खपतेय, काहीतरी म्हणायला हवं. त्या दोनदा "हो" म्हणाल्या. दोन्ही वेळा दोरा हवेत होता.

मग बाईने जमिनीवर कागद पसरला, डाव्या, धड राहिलेल्या पायावर भार देऊन उभं राहायला लावलं आणि पावलाभोवती पेन्सिल फिरवली. सोबत आणलेला यंदाच्या जोड्यातला डावा बूट उचलून तिने त्या रेघेच्या आत ठेवला. पाऊल बुटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर उरलं. करंगळीकडे तर चांगलं बोटभर.

"कागद सरकला असेल," नजरमापे म्हणाला.

तिने वाद घातला नाही. नवा कागद अंथरला आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली. "तुम्हीच काढा, काका."

त्याने गुडघे टेकले. पेन्सिल सरळ धरली, एकसारखी रेघ ओढली. बूट ठेवला. बोटभरच.

"मी नजरेने माप घेतो," तो उठत म्हणाला. "चाळीस वर्षं घेतोय."

"घेत असाल. काकूंचं शेवटचं कधी घेतलंत?"

बायकोला वाटलं त्याला आठवत नसेल, म्हणून तिने मदत केली. "लग्नाच्या वर्षी," ती म्हणाली.

बाईने ते लिहून घेतलं. "इतक्या घट्ट बुटांनी दुखलं नाही का कधी, काकू?"

"दुखायचं ना. संध्याकाळी तर पाय नुसते ठणकायचे. पण मग थांबलं."

"कधी थांबलं?"

"यांनी डाळिंबी जोडा केला ना, तेव्हापासून. सहा वर्षं झाली. फार चांगला झाला होता तो जोडा. पायात आहे हेच कळत नव्हतं."

"म्हणजे सहा वर्षांपूर्वी संवेदना गेली," बाई स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली, कागदावर सहाचा आकडा टाकला आणि पुढच्या रकान्याकडे वळली. तिच्या दृष्टीने ती एक नोंद होती. नजरमापे मात्र होता तिथेच उभा राहिला. ज्या वाक्यावर तो सहा वर्षं तरंगत होता, ते वाक्य म्हणजे रोगाचं लक्षण होतं. त्याचा जोडा चांगला झाला नव्हता. तिचा पाय मेला होता. आणि ते त्याने रंगाऱ्याला बोलावून दुकानावर लिहून घेतलं होतं.

घरी आल्यावर तो आधी चिडला. माणूस चुकला की आधी चिडतो, त्यात हा तर कारागीर. "मूर्ख आहेस तू," तो म्हणाला. "इतकी वर्षं दुखत होतं तर तोंडात काय धरून बसली होतीस?"

ती पाय स्टुलावर ठेवून बसली होती. तिने आवाज चढवला नाही. "पहिली चार-पाच वर्षं नव्हतं दुखत. लेक झाल्यावर पाऊल पसरलं, तेव्हापासून दुखायला लागलं. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"कधी?"

"ही दोन वर्षांची होती. दुकानात, बाकावर बसून सांगितलं. म्हटलं, जरा आवळतोय. तुम्ही म्हणालात, फर्मा बरोबर आहे, तुझं चालणं चुकतंय. पाऊल तिरकं टाकतेस. मग चार दिवस बोलला नाहीत माझ्याशी."

त्याला ते आठवत नव्हतं. आणि ते खरं असणार याबद्दल त्याला तिळमात्र शंकाही नव्हती, कारण वाक्य त्याचंच होतं, तो ते अजूनही गिऱ्हाइकांना फेकत असे.

"मग?"

"मग काय? पाचव्या दिवसापासून मी पाऊल सरळ टाकायला लागले."

"दुसरे घ्यायचे होतेस. सांगायचं नाही मला."

"आणि घालून कुठल्या दारातून बाहेर पडायचं होतं? खाली तुमचं दुकान. नजरमापेची बायको बाहेरचे बूट घालून फिरते म्हटल्यावर तुमचं तोंड कुठे राहिलं असतं? मग तुम्ही परत चार दिवस बोलला नसता. बूट संध्याकाळी काढता तरी येतात."

लेक दारात उभी राहून ऐकत होती. तिने वडलांकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर त्याने पुढे कित्येक दिवस चुकवली. तो खाली गेला. वरच्या फळीवरून फर्मा काढला आणि हॉस्पिटलमधून आणलेला कागद मेजावर पसरून, त्याने स्वतः काढलेल्या रेघेच्या आत ठेवला. लाकूड हाताळून हाताळून गुळगुळीत झालं होतं. देखणा होता फर्मा. कोरताना त्याने किती रविवार घालवले होते, आणि त्यानंतर त्या पावलावर एकदाही, अगदी एकदाही, माप घ्यायच्या नजरेने नजर टाकली नव्हती.

पाटी त्याने काढली नाही. काढायची म्हटली तर गल्लीभर का काढली ते सांगत बसावं लागलं असतं, आणि तेवढा धीर त्याच्यात नव्हता. तो दुकानात शिरताना मान खाली घालायला लागला, इतकंच.

लेकीचं मत सरळ होतं: हॉस्पिटलवाले दीड महिन्यात बूट देतात, तेच आणायचे. तो म्हणाला, मी करतो. लेक म्हणाली, "अजून हौस फिटली नाही का, बाबा?" आई मध्ये पडली. "करू दे गं त्यांना," ती म्हणाली. "नाहीतर दुसरं काय करतील?" त्यात माया होती की टोमणा, हे त्याला ठरवता आलं नाही.

मापवाल्या बाईने हरकत घेतली नाही, फक्त कागदावर अटी लिहून दिल्या. पुढे बोटभर जागा मोकळी. तोंड उंच. आत एकही शिवण नको. तळ कडक, त्यावर मऊ थर. तयार झाले की आधी पंधरा मिनिटं घालायचे, तेही घड्याळ लावून. काढायचे आणि पाय बघायचा. लाल डाग पडला आणि अर्ध्या तासात गेला नाही, तर बूट नापास. "आणि काका," ती म्हणाली, "काकूंना विचारून उपयोग नाही. डोळ्यांनी बघायचं."

नवा फर्मा करताना त्याने दर टप्प्याला फीत लावली. एखाद्या शिकाऊ माणसासारखा तो आकडा लिहायचा, पुन्हा मोजायचा, पुन्हा लिहायचा. त्यात आपली नजर दर वेळी थोडी कमी भरते हे त्याच्या लक्षात आलं. दर वेळी बायकोचं पाऊल त्याला होतं त्यापेक्षा लहान दिसायचं. उजव्या फर्म्याला करंगळी नव्हती. बुटातली ती जागा त्याने लोकरीने भरली, चामड्याने मढवली आणि त्या दिवशी पुढचं काम केलं नाही. अस्तराला शिवण नको म्हणून त्याने एका अखंड तुकड्याचं अस्तर बसवलं. तीन तुकडे वाया गेले. रोज सकाळी आणि संध्याकाळी तो वर जाऊन तिचे तळवे हातात धरून उजेडात बघायचा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. ती पेपर वाचत बसायची. चौतीस वर्षांत तिचे पाय त्याने इतके कधी बघितले नव्हते.

पाचव्या आठवड्यात जोडा झाला. काळा, रुंद, तोंडाला फुगीर. हॉस्पिटलच्या फळीवर ठेवला असता तर वेगळा ओळखू आला नसता.

दुपारची वेळ होती. लेक कामावर होती. तो जोडा घेऊन वर गेला, गुडघे टेकले, मोज्याची घडी बोटाने सपाट केली आणि बूट चढवले. पट्टी लावली. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, बसली. 'बसला ना?' ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

"कुठे लागतं का?" त्याने विचारलं.

तिने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. रागाने नाही. पण ती नजर त्याला सोसवेना.

"लेकीच्या जन्मापासून वाट बघत होते, कधी विचाराल म्हणून," ती म्हणाली. "आता विचारताय, तर मला सांगता येत नाही. माझं काय, मी बसलाच म्हणेन."

त्याने घड्याळ समोर ठेवलं. पंधरा मिनिटं दोघं बसून राहिली. मग त्याने बूट काढले, मोजे काढले आणि तिचे पाय एकेक करून मांडीवर घेतले. उजवा स्वच्छ होता. डाव्या पायाच्या करंगळीच्या बुडाशी नखाएवढा लाल डाग होता. जागा तीच.

आणखी अर्धा तास त्याने ते पाऊल तसंच मांडीवर धरून ठेवलं. मधूनमधून अंगठ्याने दाबून बघितलं. डाग फिका झाला असं एकदा वाटलं, म्हणून त्याने पाऊल उजेडाकडे वळवलं. फिका झाला नव्हता. डोळ्यांना तसं हवं होतं.

ती वरून त्याच्याकडे बघत होती. तिला दिसत होता तो फक्त त्याच्या डोक्याचा विरळ झालेला मधला भाग. "काय हो," ती म्हणाली, "बसला ना?"

"नाही," तो म्हणाला. "नाही बसला."

मग त्याने तिला मोजे घालून दिले, जोडा काखेत मारला, आणि खाली जाऊन रापीने डाव्या बुटाचा टाका उसवायला घेतला.